खुन्यांच्या वस्तू जमवणारा माणूस डिटेक्टिव्ह कादंबरीत पटेल का?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. गेले आठ-नऊ महिने एक डिटेक्टिव्ह थ्रिलर लिहितेय, सात प्रकरणं झालीत आणि आता गाडी पार अडलीय म्हणून इथे विचारतेय. थोडं लांबेल पण वाचा प्लीज.

गोष्ट अशी. साठीचा एक एकटा राहणारा माणूस फ्लॅटमध्ये मेलेला सापडतो, आधी सगळ्यांना हार्ट अटॅक वाटतो, पण तपासाला आलेली इन्स्पेक्टर आतली खोली उघडते तर भिंतभर काचेचं कपाट आणि त्यात सीरियल किलर्सच्या वस्तू. तुरुंगातून लिहिलेली पत्रं, चित्रं, कोणाचा चष्मा, कोणाच्या घराची किल्ली, प्रत्येकीखाली टाइप केलेली चिठ्ठी, त्यावर नाव आणि साल. तिसऱ्या फळीवर मात्र धुळीत एक गोल स्वच्छ जागा आहे, वाटीच्या बुडाएवढी, आणि तिथली चिठ्ठीही नाही. म्हणजे तिथून काहीतरी उचललंय आणि तेही अगदी हल्ली.

इथपर्यंत मला स्वतःला आवडलंय. पण मैत्रिणीला वाचायला दिलं तर ती म्हणाली, असल्या गोष्टी कोण जमवतं, पटत नाही, पानं भरायला घेतल्यासारखं वाटतं. तेव्हापासून हात थांबलाय. खरंच असा बाजार असतो का, कसा चालतो, पोलिसांना त्याची खबर असते का? आणि दुसरं, असा माणूस खुनी न दाखवता बळी दाखवला तर वाचकाला त्याच्याबद्दल काही वाटेल का, की मेला ते बरंच झालं म्हणून पान उलटतील? आणि खरं सांगते, त्या गोल जागेवर नेमकं काय होतं हे माझंही अजून ठरलेलं नाही. सगळं पुस्तक त्यावर उभं आहे.

जुनी_फाईल

मैत्रिणीला सांगा, असतो. आणि इंटरनेटमुळे आलेलं फॅड वगैरे अजिबात नाही, फार जुनं आहे हे.

१८२७ मध्ये इंग्लंडमध्ये सफोकला रेड बार्न म्हणून गाजलेला खून झाला, खुनी विल्यम कॉर्डर, त्याला १८२८ मध्ये फाशी दिलं. त्या फाशीच्या दोराचे तुकडे इंचाच्या हिशेबाने विकले गेले, ज्या कोठारात खून झाला त्याच्या फळ्या लोकांनी उचकटून नेल्या, त्यांच्या दात कोरायच्या काड्या करून विकल्या. त्याच्या खटल्याची हकीकत छापलेलं एक पुस्तक त्याच्याच कातडीत बांधलं, ते आजही बरी सेंट एडमंड्सच्या म्युझियममध्ये आहे. आणि मला जे कायम टोचतं ते असं की जी बिचारी मारली गेली तिच्या कबरीचा दगडही लोकांनी टवके काढून काढून संपवला. म्हणजे आठवण म्हणून घरी न्यायला कोणालाच सोडलं नाही.

एडिनबराचा खुनी विल्यम बर्क, त्याचंही तेच, १८२९ मध्ये फाशी, सांगाडा तिथल्या विद्यापीठाच्या शरीरशास्त्र म्युझियममध्ये आणि कातडीपासून केलेलं छोटं पाकीट सर्जन्स हॉल म्युझियममध्ये. नंतर अमेरिकेत एड गीन नावाचा खुनी १९५७ मध्ये पकडला गेला तर पुढच्या वर्षी त्याची फोर्ड गाडी लिलावात ७६० डॉलरला एका जत्रेवाल्याने घेतली आणि माणशी २५ सेंट घेऊन लोकांना दाखवली. लोकांनी रांगा लावून बघितली. त्याच गीनच्या कबरीचा दगड २००० मध्ये चोरीला गेला आणि पुढच्या वर्षी सिएटलजवळ सापडला, म्हणजे मधे चाळीसएक वर्षं गेली तरी ओढ तशीच.

आता या बाजाराला नाव आहे, मर्डरेबिलिया. ह्यूस्टनमध्ये गुन्ह्यांत बळी पडलेल्यांसाठी काम करणारे अँडी काहान यांनी हा शब्द रूढ केला, आणि तो कौतुकाने नाही बरं का, असली विक्री बंद व्हावी म्हणून ते भांडत होते तेव्हा. ईबेने २००१ मध्ये अशा वस्तूंवर बंदी घातली. मग काय झालं, फक्त यासाठीच चालणाऱ्या छोट्या छोट्या वेबसाइट निघाल्या. पत्रं, चित्रं, केसांची बट, पायाचा ठसा घेतलेला कागद, काहीही. बऱ्याचदा विकणारा आधी कैद्याशी पत्रमैत्री करतो, वर्षानुवर्षं लिहितो, विश्वास कमावतो आणि येणारं एकेक पत्र बाजूला ठेवत जातो. तुमच्या संग्राहकाला तसा दाखवा. बाहेरून सभ्य, शेजाऱ्यांना माहीत असलेला, पोस्टमनशी रोज दोन शब्द बोलणारा. अशा माणसाला पत्र येणं ही सगळ्यात साधी गोष्ट, आणि पाकिटावर तुरुंगाचा शिक्का असतो तो फक्त पोस्टमनने बघितलेला असतो. तुमच्या इन्स्पेक्टरचा पहिला साक्षीदार मिळाला ना तिथे.

धागेदोरे

जुनी_फाईल यांनी बाजार सांगितला, मी दुसरं टोक सांगतो कारण मला वाटतं तुमची गोल जागा त्या टोकाला आहे.

वस्तू जमवणारे दोघं असतात. एक तुमचा काचेच्या कपाटवाला. आणि दुसरा खुद्द खुनी. सीरियल किलर बऱ्याच वेळा बळीची एखादी वस्तू काढून घेतो, कानातलं, लायसन्स, कपडा, फोटो. तपासाच्या भाषेत त्याला ट्रॉफी म्हणतात, सुव्हेनिअरही म्हणतात, आणि काहीजण फरक करतात की विजयाची खूण म्हणून घेतली तर ट्रॉफी आणि नंतर ती घटना मनात पुन्हा पुन्हा जगायला घेतली तर सुव्हेनिअर. कादंबरीत त्याचा कीस पाडू नका. महत्त्वाचं एवढंच की चोरीच्या हिशेबात त्या वस्तूला काडीची किंमत नसते, स्वस्तातली अंगठी, आयडी कार्ड, त्यामुळे पंचनाम्यात ती गेलीय हे कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि नेमकी तीच नंतर खुन्याचा गळा धरते.

ऑस्ट्रेलियाचा इव्हान मिलात घ्या. बॅकपॅक घेऊन फिरणाऱ्या तरुण मुलामुलींना लिफ्ट द्यायचा आणि मारायचा, सात खून सिद्ध झाले. १९९४ मध्ये घरावर छापा पडला तेव्हा त्या पोरांच्या स्लीपिंग बॅग, कपडे, कॅम्पिंगचं सामान त्याच्या आणि नातेवाइकांच्या घरात निघालं. वापरत होते! रॉडनी अल्काला तर आणखी भयानक. १९७९ मध्ये त्याच्या सिएटलच्या भाड्याच्या लॉकरमध्ये कानातल्यांची छोटी पिशवी सापडली. त्यातली एक जोडी एका लहान मुलीच्या आईने ओळखली. आणि त्याच पिशवीत गुलाबाच्या आकाराचं एक कानातलं होतं, त्यावरच्या डीएनएने कित्येक वर्षांनी दुसऱ्याच एका बाईचा खून त्याच्याशी जोडला. २०१० मध्ये पाच खुनांत दोषी ठरला. एवढीशी पिशवी, तळहातात मावेल अशी.

पण तुमच्या कथेसाठी मला सगळ्यात उपयोगी वाटते ती डेनिस रेडरची केस, अमेरिकेतल्या विचिटामधला, बीटीके नावाने पत्रं पाठवायचा. दहा खून, १९७४ ते १९९१. मग गप्प. २००४ मध्ये अचानक एका वर्तमानपत्राकडे पाकीट आलं, त्यात एका बाईच्या ड्रायव्हिंग लायसन्सची झेरॉक्स आणि तिचे फोटो. ती बाई १९८६ मध्ये मारली गेली होती, तोपर्यंत तो खून बीटीकेच्या नावावर नव्हताच, उलट तिच्या नवऱ्यावर इतकी वर्षं संशय होता. विचार करा त्या माणसाचा. बायको गेली आणि वर अठरा वर्षं लोक असं बघतात. एका झेरॉक्सने तो सुटला.

(रेडर पकडला कसा तेही सांगतो. त्याने एका टीव्ही चॅनलला फ्लॉपी पाठवली, त्याआधी पोलिसांना विचारून घेतलं होतं की फ्लॉपीवरून माग निघतो का, पोलिसांनी नाही निघत असं कळवलं. फ्लॉपीतल्या डिलीट केलेल्या फाईलमध्ये चर्चचं नाव आणि डेनिस हे नाव निघालं. फेब्रुवारी २००५ मध्ये अटक.)

तर मुद्दा असा. तुमच्या संग्राहकाकडे जे काही आहे ते पकडलेल्या खुन्यांचं आहे, सगळं जाहीर, नाव आणि साल लिहिलेलं. गोल जागेवर मात्र न पकडलेल्या खुन्याची ट्रॉफी असू द्या. म्हाताऱ्याला ती कुठल्यातरी लॉटमध्ये चारचौघींबरोबर आली, काय आहे हे आधी कळलं नाही, आणि मग कळलं. त्याने काय केलं असेल? पोलिसांना फोन, की चिठ्ठी टाइप करून फळीवर मांडली? माझ्या मते मांडली. त्याचा मोह, त्याचा गुन्हा आणि त्याचं मरण तिन्ही तिथेच आहेत.

सुमेधा_वाचते

मी लिहिणारी नाही, फक्त वाचणारी आहे, आणि थ्रिलर खूप वाचते. तरी एक सांगायचंय आणि ते जरा टोकाचं वाटेल.

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले, माहिती जबरदस्त, पण बघा, कॉर्डर, बर्क, गीन, मिलात, रेडर, सगळी नावं मारणाऱ्यांची. मेलेल्यांमध्ये "एक बाई", "एक लहान मुलगी". मी दोष देत नाही, कोणाचं खाजगी दुःख उगाच नावानिशी मांडू नये हे बरोबरच आहे. पण कपाटातल्या चिठ्ठ्यांवर पण हेच होणार ना, खुन्याचं नाव आणि साल.

सहा वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ अपघातात गेला. खून नाही, अपघातच. पण त्याच्या अंगावरच्या वस्तू मुद्देमाल म्हणून जमा झाल्या होत्या आणि बऱ्याच महिन्यांनी मला सही करून घ्यायला बोलावलं. खाकी कागदाचं पाकीट, वर लाखेचं सील, आत घड्याळ, किल्ल्या, एक पेन, पावसाने भिजून वाळलेलं तिकीट. देणाऱ्याने टेबलावर पाकीट उलटं केलं आणि यादीवर पेनने टिक करत गेला. घड्याळ चालू होतं. एवढे महिने बंद पाकिटात ते चालत होतं. मला बाकी काही आठवत नाही त्या दिवसाचं.

त्यामुळे कोणीतरी असं घड्याळ पैसे देऊन घेतो आणि काचेत ठेवतो हे वाचलं की मला त्या माणसाच्या एकटेपणाबद्दल वगैरे नाही वाचवत. ज्यांचं माणूस गेलंय त्यांनी या वस्तूंचं काय केलं ते बघा. जॉन वेन गेसीने ३३ मुलं आणि तरुण मारले, तुरुंगात बसून विदूषकांची चित्रं काढली आणि ती विकली गेली. १९९४ मध्ये त्याला मृत्युदंड दिल्यावर दोन जणांनी त्याची बरीच चित्रं विकत घेतली ती फक्त जाळायला, इलिनॉयमध्ये जाहीर जाळली, मेलेल्या मुलांच्या घरचे तिथे होते. मिलवॉकीचाच सीरियल किलर जेफ्री डामर, त्याच्या वस्तूंचा लिलाव करून पैसे बळींच्या कुटुंबांना द्यायचं ठरत होतं, तर मिलवॉकीच्या लोकांनी चार लाख डॉलरच्या वर जमवले आणि वस्तू नष्ट करून टाकल्या. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला फ्रेड आणि रोझ वेस्ट या खुनी नवराबायकोचं घर १९९६ मध्ये पाडलं तेव्हा विटांचा चुरा केला आणि लाकूड जाळलं, कोणी एक वीटही घरी नेऊ नये म्हणून.

तुमच्या पुस्तकात त्या गोल जागेवर जे होतं त्याचं कोणीतरी माणूस असू दे. फक्त क्लू नको.

अर्धविराम

सुमेधाताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लगेच उत्तर देता आलं नाही. घड्याळाचं वाचून कितीतरी वेळ तशीच बसले. लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

आणि धागेदोरे, न पकडलेल्याची ट्रॉफी! याच्यावर माझं सगळं पुस्तक फिरतंय आता. पण एक अडचण. म्हाताऱ्याला कळणार कसं की ही वस्तू खरी आहे? या बाजारात खोटं किती चालत असेल. एखादी जुनी डबी कोणीही आणून म्हणेल अमक्याची आहे.

टाकबोरू

मी हस्ताक्षरांच्या नादातला माणूस, म्हणून या प्रश्नावर राहवलं नाही.

खोटं भरपूर चालतं आणि खुनाइतकंच जुनं आहे. १८८८ मध्ये लंडनच्या जॅक द रिपरच्या नावाने पोलिसांना आणि पेपरांना शेकड्यांनी पत्रं आली, बहुतेक सगळी लोकांनी मजेखातर किंवा खप वाढवायला लिहिलेली. ज्या पत्रातून जॅक द रिपर हे नावच आलं ते लाल शाईतलं "डिअर बॉस" पत्रही कोणा पत्रकाराने लिहिलं असावं असं अनेक अभ्यासक मानतात. आणि गंमत नाही, विषण्ण करणारी गोष्ट ही की ते पत्र पोलिसांच्या फायलीतून गेलं आणि १९८७ मध्ये नाव न लिहिता कोणीतरी परत पाठवलं. त्या भागातल्या गस्त समितीचे प्रमुख जॉर्ज लस्क यांना अर्ध्या मूत्रपिंडासोबत आलेलं दुसरं पत्र तर कायमचं हरवलं, आज फक्त त्याचा फोटो आहे. फायलींपर्यंत हात पोहोचणारं, विश्वासातलंच कोणीतरी असणार. हे तुमच्या कादंबरीत वापरा, मुद्देमालाच्या खोलीतून वस्तू बाहेर पडते ती दार फोडून नाही, रजिस्टरमध्ये एक ओळ न लिहिल्याने.

या बाजारात वस्तूपेक्षा तिच्यामागची कागदपत्रं विकली जातात. कोणाकडून कोणाकडे आली, तुरुंगाचा शिक्का, कैद्याचा नंबर, पाकीट जपलंय का. म्हणून अमेरिकन सरकारने २०११ मध्ये टपालाने बॉम्ब पाठवणाऱ्या उनाबॉम्बर टेड काझिन्स्कीच्या वस्तू स्वतः ऑनलाइन लिलावात काढल्या तेव्हा भाव चढले, खरेपणाबद्दल शंकाच नव्हती ना. एक टाइपरायटर २० हजार डॉलरच्या वर गेला, एकूण २ लाख ३२ हजारांच्या आसपास जमले आणि ते बळींच्या भरपाईसाठी. कायद्याचाही एक पदर आहे, न्यूयॉर्कने १९७७ मध्ये गुन्हेगाराला स्वतःच्या गुन्ह्याच्या कहाणीतून पैसा मिळू नये म्हणून सन ऑफ सॅम कायदा केला, तो १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टात अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर टिकला नाही, मग नव्याने केला. पण कैद्याला पैसे मिळू न देणं वेगळं आणि तिसऱ्याने विकणं वेगळं, तिथे कायद्याचे हात आखूडच पडतात.

आता तुमची अडचण. कागद असलेली वस्तू खरी ठरते. पण न पकडलेल्या खुन्याच्या वस्तूला कागद असूच शकत नाही! तिच्याबरोबर कागद आला असेल, म्हणजे कोणीतरी "ही अमक्या बाईची, अमक्या दिवशीची" असं अचूक लिहून दिलं असेल, तर ते लिहिणारा एकच माणूस असू शकतो. म्हाताऱ्याने चिठ्ठी टाइप करताना तो कागद समोर ठेवून टाइप केली. खुनी वस्तू परत न्यायला आलाच नव्हता, तो कागद न्यायला आला होता. अक्षर त्याचं होतं.

आणि म्हातारा त्या वस्तूला हात का लावतो, तिचं भय आणि आकर्षण कसं असतं, याच्यासाठी ब्रूस हूड या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग वाचा. सभागृहात तो एक जुनं स्वेटर दाखवून विचारायचा, कोण घालेल, हात वर यायचे. मग सांगायचा की हे फ्रेड वेस्टचं आहे, की लगेच हात खाली. स्वेटर धुतलेलं, स्वच्छ, तरी जणू काही अंगाला लागेल. बहुतेक माणसं त्या लागण्याला भिऊन मागे सरतात, तुमचा म्हातारा त्याच्याचसाठी पुढे जातो.

धागेदोरे

टाकबोरू, कागद! हे मला सुचायला हवं होतं. टाइपरायटरची रिबन बघायला लावा इन्स्पेक्टरला. जुन्या कार्बन फिल्मच्या रिबनवर अक्षर उमटून राहतं, एकदाच वापरतात ती. चिठ्ठी गेली तरी रिबन उलगडून शेवटची ओळ वाचता येईल. कापडी रिबनवर नाही जमणार, ती फिरून फिरून वापरतात, तेवढं मॉडेल तपासून लिहा.

अर्धविराम

आज पहाटे उठून प्रकरण तीन नव्याने लिहिलं. सांगते काय केलं ते.

गोल जागेवर पत्र्याची छोटी डबी होती, पावडरीची, झाकणाला चेप आलेली. इन्स्पेक्टर रिबन उलगडते, दिव्यासमोर धरते आणि एकेक अक्षर वहीत उतरवते. बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर खुन्याचं नाव आहे. या एकीवर म्हाताऱ्याकडे लिहायला खुन्याचं नावच नव्हतं, म्हणून त्याने तिचं नाव लिहिलंय, डबी जिची होती तिचं. सगळ्या कपाटात तेवढं एकच. ते वाचून इन्स्पेक्टर तिच्या बहिणीला शोधत जाते. बहीण आता पन्नाशीची.

एवढ्यात अडलेय. डबी अजून सापडलेली नाही, इन्स्पेक्टरकडे फक्त कपाटाचा एक जुना फोटो आहे, त्यात ती अर्धवट दिसते. पंचवीस वर्षांनी बहीण फोटोतून ओळखेल का? की हे ताणल्यासारखं वाटेल?

सुमेधा_वाचते

ओळखेल. पण डबी म्हणून नाही ओळखणार, चेपेवरून ओळखेल. भावाच्या घड्याळाचा पट्टा तुटला होता तेव्हा त्याने तिसऱ्या भोकाशी हिरव्या दोऱ्याने टाका घातला होता, हिरवा कारण घरात तोच होता. पाकीट उलटं केल्यावर मी आधी तो दोरा बघितला. बहिणीला विचारा चेप कशी पडली, ती सांगायला लागेल.